पटकीचा जंतू विष कधी सोडतो?



मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी कळवलं, ताई, तुम्ही प्रोटीनची नावं घेता आणि ती कानावरून निघून जातात. गाडीवर ऐकणाऱ्यांचं तर विचारूच नका. (गाडी चालवताना ऐकू नका बाप्पा, हे मी आधीही सांगितलंय.) म्हणून या भागातलं बोलणं जवळपास जसंच्या तसं इथे लिहून काढलंय. आज नावं दोनच लक्षात ठेवायची: टॉक्सआर आणि टॉक्सटी. बाकीची विसरलात तरी काही बिघडत नाही.

मी अमरावतीत मायक्रोबायोलॉजी शिकवते, माहेर अकोल्याचं. तर आजची गोष्ट आपल्याच भागातून सुरू करू.

जुलै २०२२. पावसाळा नुकताच लागला होता. चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत लोकांना एकाएकी उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. मेळघाटातली कोरकू वस्तीची ही गावं. लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. पहिल्या काही दिवसांतच आरोग्य विभागाने जिल्ह्यातले आकडे दिले, १८१ रुग्ण आणि ५ मृत्यू. मेलेल्यांत तिघं २४ ते ४० या वयातले होते. म्हणजे म्हातारे-कोतारे, तान्ही बाळं असं नाही, कामाला जाणारी धडधाकट माणसं. त्या यादीत ‘नया अकोला’ हेही नाव होतं. ते वाचून अकोल्याच्या माझ्या नातेवाइकांचे फोन सुरू झाले, “काहून गं, आपल्याकडं आलं का ते?” नया अकोला हे अमरावती तालुक्यातलं गाव आहे, अकोला शहराशी त्याचा संबंध नाही. पण घाबरणाऱ्या माणसाला भूगोल कोण शिकवणार!

आजार होता कॉलरा. आपल्या आज्या त्याला पटकी म्हणायच्या. पटकन नेतो तो. वऱ्हाडातल्या कित्येक गावांच्या वेशीवर मरीमायचं ठाणं आहे, ते याच भीतीतून आलेलं. आजही शेंदूर लागतो तिथे. फक्त कशासाठी, ते नव्या पोट्ट्यांना ठाऊक नसतं.

आता माझा प्रश्न. कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, पाण्यात राहतो हे सगळ्यांना माहीत आहे. नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या-गोड्या पाण्यात, बारीक जलचरांच्या अंगाला चिकटून तो वर्षानुवर्षं सुखाने जगतो. तिथे तो कुणाचं काही वाकडं करत नाही. विष सोडत नाही. मग तोच जंतू माणसाच्या आतड्यात गेल्यावर काही तासांत माणसाला उभं आडवं का करतो? वाईट तब्येतीच्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. तासाला एक लिटर! डोळे खोल जातात, पिंडऱ्यांना गोळे येतात, बोटांची कातडी सुरकुतते. सकाळी शेतावर गेलेला माणूस रात्री नसतो.

पाण्यात गरीब, पोटात राक्षस. जंतू तोच, जनुकंही तीच. बदललं काय?

बदलतं ते एवढंच, की कुठली जनुकं चालू आहेत आणि कुठली बंद. कॉलऱ्याच्या जंतूकडे सुमारे ३,९०० जनुकं आहेत. सगळी एकाच वेळी चालवणं त्याला परवडत नाही. आपण तरी घरातले सगळे दिवे, पंखे, मोटरपंप एकदम लावतो का? लावलेच तर बिल येतं. जंतूलाही बिल येतं, त्याचं चलन फक्त वेगळं, ऊर्जा. विष बनवणं हे महागडं काम आहे. विहिरीच्या पाण्यात विष सोडून काय मिळणार? म्हणून ज्या जनुकांमुळे तो रोगकारक होतो, त्यांना कुलूप असतं. आणि ते कुलूप उघडणारी काही मोजकी प्रोटीनं असतात. आजचा विषय म्हणजे त्या प्रोटीनांचा आकार. ती कशी घडलेली आहेत, कुठला भाग काय करतो.

इथे ‘डोमेन’ हा शब्द येतो. वेबसाइटवालं डोमेन नव्हे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ, हे तुम्ही बारावीत वाचलंय. पण ती माळ सुतासारखी सरळ पडून राहत नाही, तिची घडी होते. आणि मोठ्या माळेची अख्खी एक घडी होण्याऐवजी पुष्कळदा दोन-तीन वेगवेगळी गाठोडी होतात, मधल्या दोऱ्याने जोडलेली. प्रत्येक गाठोडं आपापलं घडलेलं, प्रत्येकाचं काम ठरलेलं. त्या एकेका गाठोड्याला म्हणायचं डोमेन. एकच माळ, पण एक गाठोडं बाहेरची चाहूल घेणार, दुसरं डीएनएला धरणार. कुणी काय करतं ते कळायचं असेल तर गाठोडी मोजा, असं मी वर्गात सांगते.

आता टॉक्सआर.

कॉलऱ्याच्या जंतूला दोन भिंती असतात, एक बाहेरची, एक आतली, आणि मधे अरुंद मोकळी जागा. जुन्या वाड्याचं अंगण समजा. टॉक्सआर बसतं आतल्या भिंतीत, आरपार. एकूण २९४ अमिनो आम्लांची माळ. त्यातली पहिली सुमारे १८० घराच्या आत, डीएनए असतो तिथे. मग जेमतेम १६ भिंतीत रुतलेली. उरलेली सुमारे शंभर अंगणात.

म्हणजे हे प्रोटीन उंबरठ्यावर बसलेल्या आजीसारखं आहे. कान अंगणात, हात माजघरात. अंगणात कोण आलं याची चाहूल लागली की आत आवाज जातो, “चहा ठेवा गं!” ही आजी उठून कुठे जात नाही. बसल्या जागेवरून घर चालवते.

१९८७ साली मिलर, टेलर आणि मेकालॅनोस यांनी दाखवून दिलं की टॉक्सआर हे असं भिंतीत बसलेलं आणि तरीही डीएनएला हात लावणारं प्रोटीन आहे. तेव्हा हे जरा विचित्रच वाटण्यासारखं होतं. जंतूंमध्ये सहसा हे काम दोघं वाटून घेतात. एक प्रोटीन भिंतीत बसून चाहूल घेतं, मग आतल्या दुसऱ्या मोकळ्या प्रोटीनला फॉस्फेटची चिठ्ठी देतं, आणि ते दुसरं जाऊन डीएनएला धरतं. टॉक्सआरमध्ये निरोप्या नाही. ऐकणारी आणि करणारी एकच. अर्थात आजी अगदी एकटीही नाही. अंगणात तिच्या शेजारी टॉक्सएस नावाचं छोटं प्रोटीन असतं, ते तिचा अंगणातला भाग सांभाळतं, मोडू देत नाही.

माजघरातला हात कसा आहे? त्या डोमेनला पंखवालं हेलिक्स-टर्न-हेलिक्स म्हणतात. नाव लांबलचक, गोष्ट सोपी. दोन छोटे मळसूत्री दांडे, मधे एक वळण. त्यातला एक दांडा डीएनएच्या खोबणीत बरोबर बसतो, आणि बाजूला निघालेला एक पापुद्रा, म्हणजे तो ‘पंख’, शेजारच्या खोबणीला टेकतो. बैल धरताना एक हात वेसणीला आणि दुसरा वशिंडावर ठेवतात, तशी ही पकड. एका हाताने बैल थांबत नाही, विचारा घरी.

आणि अंगणातला कान काय ऐकतो? पित्त. आपल्या यकृतातून लहान आतड्यात उतरणारा तो हिरवट-पिवळा, कडू रस. चरबी पचवायला तो लागतो आणि बहुतेक जंतूंना तो साबणासारखा मारतो. टॉक्सआर आणि टॉक्सएस यांच्या अंगणातल्या भागांच्या रचना अलीकडे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या संशोधकांनी उलगडल्या. हे दोन भाग एकमेकांना धरतात तेव्हा मधे एक खोबण तयार होते आणि पित्तातला रेणू तिथे येऊन बसतो. पित्त आलं म्हणजे आपण माणसाच्या आतड्यात पोचलो, इतका साधा हिशोब. मग टॉक्सआर पहिलं काम करतं ते जीव वाचवण्याचं. बाहेरच्या भिंतीतली दारं बदलतं. ओम्पटी नावाचं मोठं दार बंद, ओम्पयू नावाचं अरुंद दार चालू, म्हणजे पित्त आत घुसायला नको. आंधी आली की आपण काय करतो? आधी खिडक्या लावतो, बाकीचं मागून.

इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते, जरा थांबून ऐका.

टॉक्सआर हे प्रोटीन या जंतूच्या घराण्यातलं जुनं आहे. ज्या व्हिब्रिओंना माणसाला आजारी पाडताच येत नाही, त्यांच्याकडेही ते सापडतं. ती घरची आजी. पण कॉलऱ्याचं विष घरचं नाही! १९९६ साली वॉल्डर आणि मेकालॅनोस यांनी दाखवलं की विषाची जनुकं एका विषाणूने आणलेली आहेत, जंतूंना लागण करणारा विषाणू, म्हणजे फाज. आतड्याला चिकटायला लागणारे केसासारखे तंतू, ज्यांना टीसीपी म्हणतात, आणि आपलं दुसरं नाव, टॉक्सटी, यांची जनुकंही बाहेरून आलेल्या डीएनएच्या एका तुकड्यावर आहेत. म्हणजे शस्त्रं पाहुण्यांनी आणली, पण हुकूम घरच्या आजीचा चालतो. पाहुणे आजीच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा कुठे पाण्यातला एक साधा जंतू पटकी झाला.

आजीचा हुकूम थांबवला तर? १९८८ साली अमेरिकेत तयारीने पुढे आलेल्या स्वयंसेवकांवर हे पाहिलं गेलं. टॉक्सआर बिघडवलेला कॉलऱ्याचा जंतू त्यांना दिला. तो आतड्यात वस्तीच करू शकला नाही. जंतू जिवंत होता, खाऊन-पिऊन वाढायला सक्षम होता. फक्त त्याला ‘आता’ असं सांगणारं कुणी नव्हतं.

आता टॉक्सटी. आजी थेट विषाच्या जनुकाला हात लावत बसत नाही. टॉक्सआर आणि त्याच्यासारखंच भिंतीत बसणारं टीसीपीपी नावाचं आणखी एक प्रोटीन मिळून टॉक्सटी बनवायला लावतात. मग टॉक्सटी विषाची आणि चिकटणाऱ्या तंतूंची जनुकं चालू करतं. खरा मुकादम हाच.

टॉक्सटी २७६ अमिनो आम्लांचं. दोन गाठोडी. शेवटच्या गाठोड्यात डीएनए धरायचे दोन हात आहेत, दोन हेलिक्स-टर्न-हेलिक्स. पहिल्या गाठोड्यात काय आहे ते बरीच वर्षं नीट कळत नव्हतं. २०१० साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या गटाने टॉक्सटीचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना काढली. आणि पहिल्या गाठोड्यात एक खिसा निघाला. खिसा रिकामा नव्हता. त्यात एक स्निग्ध आम्ल बसलेलं होतं, १६ कार्बनांचं, पामिटोलिएट जातीचं. मुद्दाम कुणी घातलेलं नव्हतं. ज्या जंतूमध्ये प्रोटीन बनवून घेतलं होतं, तिथूनच ते आलेलं.

ते आम्ल नुसतं बसलेलंही नव्हतं. त्याचं एक टोक पहिल्या गाठोड्यातल्या ३१व्या अमिनो आम्लाला आणि दुसऱ्या गाठोड्यातल्या २३०व्या अमिनो आम्लाला, एकाच वेळी दोघांना धरून होतं. ही दोन्ही लायसिन. म्हणजे दोन गाठोड्यांना मधे एक खिळा ठोकलेला. खिळा असेपर्यंत हात आखडलेले, डीएनएवर नीट पकड नाही. खिळा निघाला की हात मोकळे.

आणि याचा धागा आपल्याकडे आहे. या रचनेच्या तीन वर्षं आधी, २००७ साली, कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की पित्तातली असंतृप्त स्निग्ध आम्लं, ओलिक, लिनोलिक, ॲराकिडॉनिक, कॉलऱ्याच्या विषाची जनुकं दाबून टाकतात. का दाबतात याचं चित्र पुढे या खिशात दिसलं. मला विचाराल तर परदेशातल्या चकचकीत चित्राइतकंच ते कोलकात्याचं साधं मोजमाप मोलाचं आहे, पण चित्र लक्षात राहतं आणि मोजमाप राहत नाही. शंभुनाथ डे यांचंही तेच झालं. १९५९ साली त्यांनी कोलकात्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून सिद्ध केलं की कॉलरा हा जंतूने सोडलेल्या विषामुळे होतो. आपल्या पाठ्यपुस्तकात रॉबर्ट कॉख यांचं नाव येतं, डे यांचं येतच नाही. असो.

तुमच्यातला हुशार पोट्टा आता विचारेल, ताई, एकीकडे पित्त म्हणजे ‘आतड्यात पोचलो’ असं म्हणता, दुसरीकडे पित्तातलीच आम्लं टॉक्सटीला खिळा घालतात. हे उलटसुलट नाही का?

नाही, आणि हीच त्यातली गंमत. आतडं म्हणजे एक नळी धरा. नळीच्या पोकळीत अन्न, पित्त, स्निग्ध आम्लं. तिथे विष सोडलं तर ते वाहून जाणार, फुकट. जंतूला पोचायचंय भिंतीजवळ. मधे चिकट श्लेष्माचा थर आहे. जंतू शेपटी हलवत त्या थरातून आत शिरतो. भिंतीपाशी स्निग्ध आम्लं कमी होतात आणि बायकार्बोनेट, म्हणजे खायच्या सोड्यातलाच तो घटक, जास्त असतो. बायकार्बोनेट टॉक्सटीला जोर देतं. खिळा निघतो, हात मोकळे होतात, तंतू उगवतात, जंतू चिकटतो, विष सुटतं. अगदी पेशीच्या दारात. टॉक्सआर सांगतं ‘गावात आलो’, टॉक्सटी सांगतं ‘घर सापडलं’. शर्टाच्या गुंडीपेक्षा हजारो पटींनी बारीक जीव आणि एवढं तारतम्य! माणसांना नसतं कधीकधी.

आता हे फक्त कॉलऱ्याचं आहे का? नाही. टॉक्सटी ज्या घराण्यातलं आहे, त्याला अराक घराणं म्हणतात. साल्मोनेला जंतूकडे हिलडी नावाचं याच घराण्यातलं प्रोटीन आहे, आतड्याच्या पेशींत घुसायची जनुकं ते चालू करतं, आणि त्यालाही लांब साखळीची स्निग्ध आम्लं दाबतात. टॉक्सआरच्या हातासारखा पंखवाला हात टीबीच्या जंतूतल्या फॉपी या प्रोटीनलाही आहे. टीबीच्या जंतूचे प्रयोगशाळेत दोन प्रसिद्ध भाऊ आहेत, एच-३७-आरव्ही आणि एच-३७-आरए. पहिला आजार करतो, दुसरा करत नाही. दुसऱ्याच्या गरिबीची कारणं एकाहून जास्त आहेत, पण त्यातलं एक फॉपीच्या डीएनए धरणाऱ्या डोमेनमध्ये आहे. २१९व्या जागी सेरिनऐवजी ल्युसिन. एक मणी बदलला, हाताची पकड सुटली. डोमेन कशाला शिकायचं असं कुणी विचारलं की मी हे एकच उदाहरण देते.

साहजिकच पुढचा विचार सुचतो. जंतूला मारायचंच कशाला? मुकादमालाच खिळा ठोकून ठेवला तर? अँटिबायोटिक जंतूला मारतं, म्हणून जे थोडे वाचतात ते निर्ढावलेले निघतात, शिवाय पोटातले चांगले जंतूही मरतात. त्यापेक्षा जंतूची शस्त्रं काढून घ्यावी, बाकी त्याला शौचावाटे जाऊ द्यावं. २००५ साली अशी वस्तू सापडली, व्हिरस्टॅटिन. हजारो रसायनं चाळून काढलेली. ती टॉक्सटीला रोखते, आणि उंदराच्या पिल्लांच्या आतड्यात कॉलऱ्याची वस्ती होऊ देत नाही.

ऐकायला फार छान आहे. पण याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती. टॉक्सटीच्या ११३व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन आलं की व्हिरस्टॅटिनचं काही चालत नाही. पुन्हा एकच मणी. तेव्हा ‘शस्त्र काढून घेतलं की जंतू निर्ढावणारच नाही’ असं जे काही व्हिडिओंत छातीठोक सांगतात, ते मला पटत नाही. दाब कमी पडेल एवढंच. आणि ज्याला तासाला लिटरभर जुलाब होतायत, त्याच्या पोटात विष आधीच सुटलेलं आहे. मुकादमाला आता बांधून काय? असं औषध कामाचं ठरलंच तर रुग्णाच्या घरच्या माणसांना, अजून आजारी न पडलेल्यांना. आजतागायत टॉक्सटीला रोखणारं एकही औषध मेडिकलच्या दुकानात आलेलं नाही.

म्हणजे हे सगळं शिकून मेळघाटातल्या माणसाला काय मिळालं? हा प्रश्न मला वर्गात धारणीच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता, जरा रागानेच. तो राग रास्त होता. त्याला जे सांगितलं ते इथे सांगते.

पहिलं. पावसाळ्याच्या तोंडावर साथ एवढी भडकते कशी? २००२ साली ढाक्याच्या रुग्णांच्या शौचातले जंतू घेऊन केलेला एक अभ्यास आहे. माणसाच्या पोटातून नुकताच बाहेर पडलेला कॉलऱ्याचा जंतू हा प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूपेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागण करणारा असतो. आतड्यातून निघताना त्याची जनुकं एका खास जुळणीत असतात आणि ती जुळणी तळ्याच्या पाण्यातही काही तास टिकते. आता हे पाचडोंगरीवर ठेवून बघा. रात्री एकाला जुलाब. पहाटे पाऊस. उतारावरचं पाणी उघड्या विहिरीत. सकाळी त्याच विहिरीवर बाया पाण्याला. मधले तास किती? तेवढेच. म्हणून ‘पहिला रुग्ण सापडला, आता सोमवारी पावडर टाकू’ हे चालत नाही. पहिला रुग्ण सापडला त्याच दिवशी विहिरीत टीसीएल पडली पाहिजे.

टीसीएल, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, जंतूच्या डोमेनशी वाटाघाटी करत नाही. क्लोरीन त्याची प्रोटीनं सरसकट बिघडवतं. टॉक्सआर असो, टॉक्सटी असो, कुणाचीच घडी जागेवर राहत नाही. पावडर मात्र ताजी हवी. ओलसर पोत्यात वर्षभर पडलेल्या पावडरीतलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, मग विहिरीत चुना टाकला काय आणि ती टाकली काय, सारखंच. घरातल्या नळाशी किंवा रांजणाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५. गावातल्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची छोटी पेटी असते. दोन-चार थेंब, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. तुमच्या गावात ही टेस्ट शेवटची कधी झाली, ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. मोबाइलवर फोटो काढून आणा पिवळ्या पाण्याचा. रीलपेक्षा बरा.

दुसरं. विष सुटल्यानंतर काय? हे विष आतड्याच्या पेशीत शिरून क्षार बाहेर फेकायचा पंप चालूच ठेवतं, क्षारामागे पाणी जातं. पण साखर आणि मीठ एकत्र आत घेणारं आतड्यातलं एक वेगळं दार ते बंद करू शकत नाही. तेवढं एक दार उघडं राहतं. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, त्याच दारातून आत जाते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडचं सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांमधून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. ते गेले २०२२च्या ऑक्टोबरात, चिखलदऱ्याच्या साथीनंतर तीन महिन्यांनी.

पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त नको. प्रत्येक जुलाबानंतर द्यायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट-घोट. आणि गाडी बघायची. काटकुंभचं आरोग्य केंद्र असो की चुरणीचं ग्रामीण रुग्णालय, पाणी पाजत-पाजत न्यायचं, आधी नेऊ मग पाजू असं नाही. अँटिबायोटिक डॉक्टर ठरवतील. घरात मागच्या तापाच्या उरलेल्या तीन गोळ्या आहेत म्हणून त्या द्यायच्या नाहीत.

त्या विद्यार्थ्याने यावर विचारलं, “मंग मॅडम, टॉक्सटी काहून शिकवता?” मी म्हटलं, बाबा, ओआरएसचं ते उघडं दार कुणीतरी आतड्याचे रेणू मोजत बसलं म्हणून सापडलं. तेव्हा तेही कुणाला निरुपयोगीच वाटत असणार. तो काही लगेच पटला असं दिसलं नाही. पण आठवड्याने माझ्याकडे आला ते मोबाइल घेऊन, स्क्रीनवर टॉक्सटी गरगर फिरत होतं.

तुम्हीही हे करू शकता, म्हणून शेवटी तेवढं सांगते. जगभरात उलगडलेल्या प्रोटीन रचनांचा एक सार्वजनिक साठा आहे, प्रोटीन डेटा बँक. फुकट आहे. टॉक्सटीचा तिथला क्रमांक आहे ३-जी-बी-जी. इंग्रजी अक्षरांत टाका, चित्र येईल, बोटाने फिरवा. आधी दोन गाठोडी वेगळी ओळखा. मग मधे अडकलेलं ते लांबुळकं स्निग्ध आम्ल शोधा. ३१ आणि २३० या दोन लायसिनांवर बोट ठेवा आणि त्यांच्यामधे काय आहे ते बघा. डेटा कमी जातो, नेटवर्क मात्र बरं लागतं. आमच्या धारणीच्या पोराने टेकडीवर जाऊन उघडलं होतं.

स्क्रीनशॉट पाठवा मला. पुढच्या भागात हिलडीवर बोलू, म्हणजे टायफॉइडवर. अकोल्यातून त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आलेत.